यारनीची परवानगी

आमच्या सहलीचा बेत माझ्या जेवणाच्या टेबलावर ठरतो, आणि तो मी ठरवते. यात फुशारकी नाही. वाळवंटाच्या कडेला क्वॉर्न गावात माझं टायरचं दुकान आहे, आणि वाळवंटात कुणाचा टायर कुठे आणि का फाटला हे शेवटी माझ्याच दारात येऊन सांगावं लागतं. त्यामुळे गाड्या कुठल्या वाटेने न्यायच्या, डिझेल कुठे भरायचं, पाणी किती घ्यायचं, यावर माझ्याशी हुज्जत घालायला सहसा कुणी धजत नाही. घालतो तो एकटा आमचा मित्र मर्व्ह.

त्या रविवारी दुपारी टेबलावर नकाशा पसरला होता, त्याच्या चारी कोपऱ्यांवर बिअरच्या बाटल्या ठेवल्या होत्या, आणि मर्व्ह ट्रेलरवरून अडून बसला होता.

"ग्लेन, यारनीच्या रानातल्या वाळूतून माझा ट्रेलर निघायचा नाही."

"ट्रेलर निघेल. त्यात तू कोंबलेला फ्रीज, खुर्च्या आणि शेगडी निघायची नाही."

"मी सांगून थकले," त्याची बायको शोना म्हणाली. "घर उचलूनच न्यायचं असेल तर घरीच बसू की."

ओट्याशी बीट चिरत उभा असलेला माझा धाकटा भाऊ डेन्झिल मोठ्याने हसला. हात बिटाने लाल झालेले, आणि हसता हसता त्याने कपाळ मनगटाने पुसलं.

खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्या हसण्यासाठी होता. बायको, मार्लीन, सोडून गेल्यापासून दोन वर्षं डेन्झिल पडदे ओढून घरात बसला होता. दुकानात यायचा बंद झाला, जेवण मी नेऊन दिलं तर अर्धं तसंच राहायचं, आणि बोलायचा तर एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा. आई गेली तेव्हा तो शाळेत होता; त्याला मी वाढवलं आहे. आपलं माणूस डोळ्यांसमोर विझत जाताना बघणं मला सोसत नव्हतं. म्हणून नदीला पूर येऊन गेल्यावर यारनीकडची वाट शाबूत आहे का हे बघायला मी मुद्दाम त्यालाच पाठवलं. नाही नाही म्हणत गेला. आठवड्याने परत आला तो माझा जुना भाऊ होऊन. भूक परत आली, झोप परत आली, दुकानात गिऱ्हाइकांची टिंगल सुरू झाली. मोकळं आकाश माणसाला बरं करतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

दोन गोष्टी मात्र माझ्या नजरेतून सुटल्या नव्हत्या.

एक, त्याची गाडी. यारनीची लाल धूळ दारांच्या फटींतून वर्षभर निघत नाही, आणि डेन्झिलची गाडी तर नुकतीच दुकानातून आणलेल्यासारखी. "पोर्ट ऑगस्टाला धुऊन घेतली," तो म्हणाला. पण टायरच्या खाचांतले खडे धुऊन निघत नाहीत, ते एकेक उचकटून काढावे लागतात. त्या खाचांत एकही खडा नव्हता. मी बघितलं आणि हात पुसून कामाला लागले.

दुसरी गोष्ट हॉकर गावच्या रस्त्यावरची. आम्ही स्टेपनी आणायला निघालो होतो, तो गाडी चालवत होता. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो वा नसो. डेन्झिलने बोट उचललं. रस्ता रिकामा होता. थोड्या वेळाने पुन्हा उचललं.

"कुणाला रे?"

"जाणाऱ्यांना."

"अरे, चिटपाखरू नाहीये."

"मग बोट उचललं तर तुझं काय बिघडलं?"

मी हसले. पण त्याने पुन्हा बोट उचललं तेव्हा खिडकीबाहेर टेकवलेलं कोपर मी आत घेतलं.

तर, रविवार. मर्व्हला गप्प करून मी नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढली. आता राहिली परवानगी. यारनी हे गुरांचं रान, एखाद्या जिल्ह्याएवढं. तिथून जायचं तर मालकांना आधी फोन करावाच लागतो. मी फोन घेऊन मागच्या व्हरांड्यात आले. अंगणात डेन्झिलची गाडी उन्हात चकाकत होती.

यारनीच्या ऑग्डेनबाईंचा आवाज लांबून, खरखरत आला. त्या भल्या बाई आहेत.

"या की खुशाल. फाटकं जशी दिसतील तशी ठेवा. आणि येताना तुमच्या माणसाला घेऊन जा, ग्लेनिस."

"कुठलं माणूस?"

"तुमचा भाऊ. त्याची गाडी नदीच्या पात्रात रुतलीय, अजून तिथेच आहे. तेव्हापासून आमच्याकडे आहे तो. त्याचा त्रास नाही हो काही. दिवसभर व्हरांड्यात बसतो, अर्धं जेवतो. तुम्हाला फोन करू म्हटलं तर नको म्हणतो, बहिणीला आधीच खूप झालंय म्हणतो. पण पुढच्या महिन्यात गुरं हाकायला माणसं येतील, खोली लागेल."

"अहो, काहीतरी घोटाळा आहे. माझा भाऊ इथे घरात बीट चिरतोय."

त्यांनी तिकडे कुणाला तरी हाक मारली. मग म्हणाल्या, "थांबा, त्यालाच देते."

मी ठामपणे उभी राहिले. कुणीतरी तोतया असणार, चार फुकटच्या जेवणांसाठी नाव सांगितलं असणार. त्याला कसं सोलायचं याची वाक्यं माझ्याकडे तयार होती.

"ग्लेन," तो म्हणाला.

वाक्यं तशीच राहिली. दोन वर्षं ज्या आवाजाला मी जेवण नेऊन देत होते, तोच आवाज.

"गाडी रुतली गं. चूक माझीच. पाणी किती खोल आहे ते चालून बघायला हवं होतं, तूच शिकवलंयस."

"तू कोण बोलतोयस?"

"असं काय करतेस." मग त्याने हळूच विचारलं, "घ्यायला येशील? घाई नाही. तुला जमेल तेव्हा."

घरात मर्व्हने काहीतरी म्हटलं आणि डेन्झिल खदखदून हसला. दार उघडं होतं.

पलीकडे ते ऐकू गेलं.

"कोण हसतंय?"

मी फोनवर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"मी असाच हसायचो ना, ग्लेन?" तो म्हणाला. त्याला रागही आला नव्हता. "बरं वाटलं ऐकून."

फोन पुन्हा ऑग्डेनबाईंकडे गेला. "मग? त्याला काय सांगू?"

मी दारातून आत पाहिलं. डेन्झिल ताटं मांडत होता. शोनाच्या डोक्यावर ताट ठेवल्यासारखं करत होता, ती त्याला चापट मारत होती. त्याच्या गालांवर रंग होता. दोन वर्षं मी देवाकडे, डॉक्टरांकडे, ज्याच्या त्याच्याकडे हेच मागत होते.

मला रडू आलं. पण मी अशी बाई आहे की निर्णय घ्यायची वेळ आली की घेते.

"येतो म्हणावं," मी सांगितलं. "वाट बघ म्हणावं."

आत आले. शोनाने विचारलं, "मिळाली परवानगी?"

"नाही. पुरामुळे वाट बंद आहे. आपण पूर्वेकडून जाऊ."

"लांब पडेल ते," मर्व्ह म्हणाला.

"पडू दे. तुझ्या ट्रेलरला बरं."

तो खूश झाला. मी खोडरबर शोधायला खणाकडे वळले, तर तो डेन्झिलने आधीच नकाशावर, बरोबर यारनीपाशी, आणून ठेवला होता.

मी रेघ पुसली. चांगली दाबून पुसली. आता सांगते, पूर्वेकडची वाट उत्तम आहे, आणि माझा बेत कधी चुकत नाही.

मर्व्ह आणि शोना ट्रेलरवरून भांडत होते. डेन्झिलने माझ्या ताटात मटण भरलेली गरम पेस्टी वाढली, शेजारी बीट वाढलं, आणि माझ्या कानाशी वाकला.

"त्याच्याकडे पांघरूण आहे का, विचारलंस?" तो मायेने म्हणाला. "तिकडे गारठा फार असतो गं."