रक्तातली सरळ रेघ

"बाई, एवढंच सांगा, ढकलल्याचं फोटोत दिसतंय का? म्हणजे मी तिला घेऊन निघतो."

फोनवर फौजदार होते आणि घाईत होते. फौजदार तसे नेहमीच घाईत असायचे. चुकीच्या माणसाला पकडायचं असलं की जरा जास्तच.

"खाली या," बाई म्हणाल्या. "घरच्या सगळ्यांना घेऊन या."

मेंदूचे फोटो वाचणाऱ्या या डॉक्टरीणबाईंना सगळं हॉस्पिटल 'अंधारातल्या बाई' म्हणायचं. तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत, दिवे मालवून, त्या दिवसभर पडद्यासमोर बसत. जीभ तिखट, आणि नजर त्याहून.

त्या तळघरात आलेल्या कुणाचाही जीव गुदमरायचा. एकच जिना, एकच जड दार आणि यंत्राची न थांबणारी घरघर. यंत्राशेजारी कपडे बदलायची खोली होती, कपाटाएवढी. खाली येताच फौजदारांनी तिच्यात सुनेला बसवून दाराशी हवालदारीण उभी केली. "मी नाही हो केलं काही," सून समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. वॉर्डबॉयलासुद्धा. तिचा नवरा समोरच्याच बाकावर होता. तो तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

झालं होतं असं. तिचे सासरे, ज्यांना घरात सगळेच दादा म्हणत, सकाळी स्वयंपाकघरात कोसळले. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, मेंदूत रक्त उतरलं. सुनेनं ढकललं, असं दादांची बहीण म्हणत होती. भावाच्याच घरात आयुष्य काढलेली ही अविवाहित बाई. तिला सगळे आत्या म्हणत.

"तुम्ही स्वतः पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"या डोळ्यांनी. घर सोडून वेगळं राहायचं म्हणून भांडत होती. दिला धक्का. दादाचं डोकं फरशीवर आपटलं, केवढा आवाज झाला!"

"दंडावर निळे डाग आहेत," फौजदार म्हणाले. "हिनंच धरून हिसडलं असणार. शिवाय म्हातारा तिला बघून ओरडतो, नको, नको! आता आणखी काय हवंय?"

"म्हातारा हवाय," बाई म्हणाल्या. "बोलावलंय त्यांना परत, दुसऱ्या फोटोसाठी."

दादांना ढकलगाडीवरून आणलं. सोबतची नर्स वैतागली होती. "बाई, सुई टोचलेल्या जागचा कापूस किती वेळा बदलायचा? थांबतच नाही रक्त."

बाईंनी मान हलवली. मग सुनेला बाहेर बोलावलं. तिला पाहताच दादा धडपडले. "नको! नको!"

"बघा!" आत्या म्हणाली.

बाई बघतच होत्या. दादांच्या चालत्या डाव्या हातानं सुनेचं मनगट घट्ट धरलं होतं.

"दादा, नाव काय तुमचं?"

"नको."

"हा कोण? मुलगा ना तुमचा?"

"नको, नको."

"पाणी हवंय?"

"नको," म्हणत दादांनी तोंड उघडलं. नर्सनं ओल्या कापसानं ओठ भिजवले, ते त्यांनी अधाशासारखे चोखले.

"साहेब, यांच्याकडे एवढा एकच शब्द उरलाय," बाई म्हणाल्या. "मेंदूच्या डाव्या बाजूला जिथं भाषा असते तिथंच रक्त साचलंय. समजतं पुष्कळ, पण बोलायला गेलं की हाच शब्द बाहेर येतो. आतल्या आत कोंडलेत बिचारे. आणि तुम्ही या एका शब्दावर सुनेला फासावर चढवायला निघालात."

फौजदार खाकरले. "पण धक्का?"

बाईंनी पडद्याकडे बोट केलं. "ही कवटी. तडा नाही. ही वरची कातडी. कुठं सूज नाही, टेंगूळ नाही. फरशीवर आवाज होईल एवढं डोकं आपटलं तर काहीतरी खूण राहणारच. आधी रक्त उतरलं, मग माणूस खाली बसता बसता लवंडला. कुणी ढकललं नाही."

सुनेनं चेहरा हातात लपवला. नवरा उठून उभा राहिला आणि परत बसला.

"पण एवढ्यावर संपत नाही," बाई म्हणाल्या. "रक्तात ही रेघ बघा. पट्टीनं मारल्यासारखी सरळ. वर काळं, खाली पांढरं. गढूळ पाणी पेल्यात ठेवलं की गाळ खाली बसतो ना, तसं. रक्त गोठलं असतं तर असं थर धरून बसलं नसतं. हे बहुतेक गोठतच नाहीये. तुमच्या फोनच्या आधीच मी वॉर्डात कळवलं, रक्त गोठवायचा उतारा सुरू झालाय. तपासणीही आली, माझा अंदाज खरा आहे. दंडावरचे डागही त्याचेच, साधा हात लागला तरी उठतात. आता सांगा, घरात रक्त पातळ करायची गोळी कोण घेतं?"

यंत्राच्या घरघरीआडून एक बारीक टकटक ऐकू आली.

"ते माझ्या छातीतलं," आत्या म्हणाली. "धातूची झडप बसवलीय हृदयात. गोळी मी घेते. रोज, माझ्या हातानं, पाकीट फोडून."

"चुकते कधी?"

"एकदाही नाही. विचारा याला."

"खरंय," मुलगा म्हणाला. "मीच आणून देतो. वेळेवर संपतात, एक कमी नाही की जास्त नाही. दादा मात्र औषधाला शिवतही नाहीत."

"आणि दादांना संध्याकाळचं दूध कोण देतं?" फौजदारांचे डोळे चमकले.

"मी," सून पुटपुटली. "आत्या गरम करतात, मी नेऊन देते."

"झालं तर मग! धक्का नाही, विष! बाहेरून आणल्या असतील गोळ्या."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. हवालदारणीनं सुनेचा दंड धरून तिला पुन्हा त्या कपाटात नेलं. या वेळी ती काही बोललीसुद्धा नाही, आणि बाईंना तेच सहन झालं नाही.

"थांबा, साहेब. आत्या, तुम्हालाही केवढा धक्का बसलाय. बोट पुढे करा, तुमचंही रक्त बघू."

"माझं कशाला? मला सुईची भीती वाटते."

"छाती उघडून झडप बसवून घेतलीत, आणि बोटाला भिता?"

आत्याचा हात पुढे आला तो अगदी सावकाश. गोरा, सुरकुतलेला, कोपरापर्यंत स्वच्छ. बाईंनी बोट टोचलं, थेंब छोट्या यंत्रात घेतला, कापूस दाबला. उचलला तेव्हा रक्त थांबलेलं होतं.

यंत्रावर आकडा आला. बाईंनी तो फौजदारांसमोर धरला.

"ही गोळी घेणाऱ्याचा आकडा तुमच्या-माझ्यापेक्षा दोन-तीन पट असतो. यांचा तुमच्या-माझ्याएवढाच आहे. हातावर एक निळा डाग नाही. आत्या, पाकिटं वेळेवर संपतात, पण गोळ्या तुमच्या पोटात जात नाहीत. तुमचं औषध तुमच्या रक्तात नाही, दादांच्या रक्तात आहे. दूध गरम करताना तुम्ही ते त्यात घालत होतात. म्हणून तर न पाहिलेला धक्का तुम्हाला दिसला."

"आत्या?" मुलगा तिच्याकडे वळला. "अगं, झडपेवर गाठ धरली असती. तूच गेली असतीस!"

"गेले असते तर सुटले असते," आत्या म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "दादा बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. म्हणे, चोरांसाठी. आयुष्यभर! मला दोन स्थळं आली, दोन्ही यानं परतवली. घराची दुसरी किल्ली निघाली ती ही आल्यावर. मला दुपारी बाहेर न्यायची, कुठंही, नुसती रस्त्यावर. आणि महिन्यापूर्वी म्हणाली, आम्ही वेगळे राहणार. म्हणजे ही मोकळी, आणि मी परत कुलपात!"

"अहो, तुम्हाला नेणारच होतो आम्ही," आतून सून म्हणाली.

"सांगितलं होतंस?"

"दादांचा होकार मिळेपर्यंत कसं सांगणार? आज सकाळी तेच विचारत होते त्यांना."

आत्या जमिनीवर बसली आणि मोठ्यानं रडू लागली.

"आधी वर वॉर्डात, मग चौकीत," बाई फौजदारांना म्हणाल्या. "यांच्या गोळ्या आत्ताच सुरू करायला हव्यात. नाहीतर पुढचा फोटो यांचा."

फौजदारांनी टोपी काढून बगलेत धरली. सुनेची माफी मागावी असं त्यांच्या मनात आलं असावं, पण सवय नव्हती. "तुम्ही जाऊ शकता," एवढंच ते म्हणाले.

सून बाहेर आली. नवऱ्यानं घाईघाईनं तिची पर्स उचलली. "चल, घरी जाऊ. संपलं सगळं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "हवालदारीणबाई मधे चहाला गेल्या होत्या. दार उघडंच होतं."

"मी... मला सुचतच नव्हतं काही."

"आत येऊन एवढंच विचारायचं होतंस, तू केलंस का? मी 'नाही' म्हटलं असतं."

तिनं त्याच्या हातातून पर्स घेतली आणि जिना चढून गेली. तो बाकाशी उभा राहिला. थोड्या वेळानं बाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं, तेव्हा त्याला बाजूला व्हावं लागलं.