कोरड्या रॅम्पवर

दोन हजार पाच सालची, परदेशातली गोष्ट. गाडी घ्यायची निघाली तेव्हा रुपालीनं विरोध केला होता, आणि तिचं म्हणणं अगदी साधं होतं. पासिर रिसचं मेट्रोचं, तिकडच्या भाषेत एमआरटीचं, स्टेशन त्यांच्या ब्लॉकपासून चालत जाण्यासारखं, एकताची शाळा त्याहून जवळ, प्रफुल्लचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कात, म्हणजे बसमध्ये बसलं न बसलं तोच उतरायचं. गाडी हवी कशाला? पण प्रफुल्ल मेश्रामच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की शिरली. नागपूरला वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर बसून शाळेत गेलेला माणूस तो. "आयुष्यात एकदा तरी मोठ्या गाडीत बसून पाहू दे नं बाप्पा," असं तो म्हणाला, आणि गाडी आली.

गाडी खरोखरच मोठी होती. गडद निळी, लांबलचक, आत सायीच्या रंगाच्या लेदरच्या सीट. जपानहून सेकंडहँड आलेली. तिकडच्या उत्तर भागातली, जिथं अर्धं वर्ष बर्फ असतं, असं डीलर म्हणाला होता. बर्फातली असूनही कुठं गंजाचा ठिपका नव्हता. ब्लॉकला लागून असलेल्या पार्किंगच्या इमारतीत त्यांना चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. वरचा पाचवा मजला म्हणजे उघडी गच्ची. तिथं ऊन असह्य व्हायचं, म्हणून दुपारी कुणी गाडी लावत नसे.

पहिल्याच दिवशी डिकीतलं कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खळग्यात एक जाड कॅनव्हासची पिशवी निघाली. आत लोखंडी साखळ्यांची दोन जाळी.

"हे काय, बाबा?" एकतानं विचारलं. ती आठ वर्षांची होती.

"बर्फात चाक घसरतं नं, म्हणून टायरला हे घालतात. मग गाडी रस्ता धरून ठेवते."

"पण इथे स्नो कुठेय? थ्रो अवे लाह!" ती शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

प्रफुल्ल खो खो हसला. पण त्यानं साखळ्या टाकल्या नाहीत. गाडीबरोबर आलेलं सामान, राहू दे म्हणाला, आणि पिशवी होती तिथं ठेवून दिली.

खालच्या मजल्यावर राहणारी पुण्याची विनीता संध्याकाळी लिंबू घेऊन आली. नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवायचं म्हणून.

"आमच्यात नाही गं करत असलं काही," रुपाली म्हणाली. तिच्या बाबांनी उभ्या आयुष्यात लिंबू आणलं ते पोह्यांवर पिळायला. गंडा नाही, दोरा नाही, कशाला कारण असतं आणि ते शोधायचं असतं, एवढं एकच त्यांनी मुलीला शिकवलं होतं. रुपाली त्यावरच संशोधक झाली होती.

"तुझ्यासाठी नको, माझ्या समाधानासाठी," असं म्हणत विनीतानं स्वतःच वाकून ते मागच्या चाकाखाली सरकवलं. प्रफुल्लनं हसत गाडी पुढं काढली. एवढी जड गाडी त्यावरून गेली आणि लिंबू काही फुटलं नाही. टणकन उडून भिंतीशी जाऊन पडलं. रुपालीनं उचललं तर ते दगडासारखं कडक होतं, आणि सालीवर पांढरी भुकटी धरलेली.

"फ्रीझरमधलं आणलंस की काय गं?"

"छे, आत्ताच मार्केटातून येतेय. पिशवीतच होतं," विनीता म्हणाली. तिनं ते हातात घेऊन पाहिलं आणि मग घाईघाईनं निघून गेली. पुन्हा गाडीचा विषय तिनं कधी काढला नाही.

पुढं काही दिवस सगळं सुरळीत. मग डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा लागायला लागला. गाडीचं चित्र आणि खाली दोन नागमोडी रेघा. चाक घसरतंय, असा त्याचा अर्थ. लागायचा तो नेहमी एकाच जागी, चौथ्या मजल्यावरून गच्चीकडं जाणाऱ्या रॅम्पच्या तोंडाशी. काँक्रीट ठणठणीत कोरडं, आणि गाडी मात्र साबणावरून गेल्यासारखी बुडाकडून सरकायची. वर्कशॉपच्या अंकलनं दोनदा तपासली. सेन्सर ठीक, ब्रेक ठीक. टायर नवे घातले. दिवा लागायचा तो लागतच राहिला.

एकदा डिकीतून किराणा काढताना रुपालीला कार्पेट ओलं लागलं. पाणी कुठून येतं म्हणून तिनं पिशवी उघडून साखळीला हात घातला आणि तिची बोटं तिथंच चिकटली. सोडवताना कातडी निघाली. लॅबमध्ये उणे ऐंशीचा फ्रीझर होता. त्यातला रॅक घाईत हातमोज्याशिवाय धरला की नेमकं असंच होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. भर दुपारी, घामानं पाठ भिजलेली असताना, ती तोंडात बोटं घालून उभी राहिली.

त्याच आठवड्यात ते झालं. शाळा सुटल्यावर प्रफुल्ल एकताला घेऊन आला, चौथ्या मजल्यावर वळला, आणि गाडीची मागची बाजू अशी काही फिरली की डावं दार जाऊन कठड्याला घासलं. कठड्यापलीकडं चार मजल्यांची पोकळी. एकता त्याच दाराशी बसली होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन ती फक्त एवढंच म्हणाली, "व्हेरी कोल्ड, आई. आणि ती मुलगी पण नीट बेल्ट लावत नाही."

"कोण मुलगी?"

एकतानं खांदे उडवले आणि टीव्ही लावला.

रुपालीनं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. "विकून टाक. आत्ताच्या आत्ता! माझी पोर परत त्या गाडीत बसणार नाही, सांगून ठेवते."

"ती बसणार नाही, कबूल," प्रफुल्ल म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "पण दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारू? त्याचीही पोर असेल. आधी कारण सापडू दे. तुझेच बाबा म्हणायचे नं?"

आणि शनिवारी दुपारी तो साखळ्या घेऊन चाकांशी बसला. वेडेपणाच, पण त्याच्या इंजिनिअर डोक्याला पटणारा. घसरते ना? मग साखळ्या घातल्यावर काय करते ते बघू. इंटरनेटवरून छापून घेतलेल्या पानभर सूचना वाचून घामाघूम होत त्यानं त्या पुढच्या दोन्ही चाकांवर चढवल्या. नागपूरची त्याची जुनी गाडी पुढच्या चाकांनी ओढायची. ही मागच्या चाकांनी रेटते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. रुपालीला तर यातलं काहीच कळत नव्हतं. ती एकताचा हात घट्ट धरून खांबाशी उभी होती.

"वर एक फेरी मारतो. थोडं चालवून खाली उतरायचं आणि साखळी परत ताणायची, असं लिहिलंय. ते झालं की आलोच," तो म्हणाला. सकाळीच दाढी केलेली, गाल गुळगुळीत. एकताच्या गालाला गाल घासून तो गाडीत बसला.

लोखंड काँक्रीटवर असं काही खडखडायला लागलं की एकतानं कान दाबले. सगळी इमारत वाजत होती. गाडी रॅम्पच्या तोंडाशी गेली, पुढची चाकं चढावर चढली.

आणि आवाज थांबला.

गाडी थांबली नव्हती. ती वर चढत होती, साखळ्या गरगर फिरत होत्या, आणि गादीवरून चालावं तसा फक्त दबका करकर आवाज येत होता. मग तोही गेला. गाडी वळणाआड झाली.

"नो मोर साउंड, आई," एकता कुजबुजली.

रुपालीनं हाक मारली. रॅम्पवरून गार वारं उतरलं आणि तिच्या घोट्यांना लागलं. एकताला तिथंच थांबवून ती चढाला लागली. अर्ध्यावर पोचली नसेल तेवढ्यात खडखडाट पुन्हा सुरू झाला आणि गाडी समोरून खाली आली.

हळूहळू. अगदी जपून चालवल्यासारखी.

प्रफुल्लनं काच खाली केली. त्याचे ओठ फुटले होते. गालांवर चारपाच दिवसांची दाढी होती.

रुपालीची नजर पेट्रोलच्या काट्यावर गेली. काल भरलेली टाकी तळाला टेकली होती. मग तिला चाकं दिसली. साखळ्या पुढच्या चाकांवर नव्हत्या. त्या मागच्या चाकांवर होत्या, नीट ताणून बसवलेल्या.

"तिथं एकानं सांगितलं," प्रफुल्ल घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मागं लाव म्हणाला. माझंही असंच चुकलं होतं म्हणाला."

"कोण? प्रफुल्ल, वर कोण होतं?"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ताच झोपली."

"कोण झोपली?"

"एकता. रस्ताभर कुडकुडत होती गं."

"एकता ही काय इथं आहे," रुपाली म्हणाली आणि तिनं मागं बोट दाखवलं. खांबाशी एकता शाळेच्या पीटीच्या चड्डीत उभी होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले.

प्रफुल्लनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं आरशात पाहिलं.

"मग मागं कोण झोपलंय?" त्यानं विचारलं.

मागच्या सीटवर कुणी नव्हतं. फक्त डाव्या बाजूचा बेल्ट लावलेला होता, आणि लेदर ओलं होतं.

डॉक्टर म्हणाले, उन्हानं असं होऊ शकतं. दाढीचं काय, असं रुपालीनं विचारलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या. प्रफुल्ल सोमवारी ऑफिसला गेला. काम नीट करत होता, जेवत होता, एकताचा अभ्यासही घेत होता. वर काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही. फक्त ऑफिसातून आला की कपाटातली सोलापुरी चादर काढायचा आणि खाली पार्किंगमध्ये जायचा. चादर गाडीत ठेवून यायचा. दुसऱ्या दिवशी ती ओलीचिंब असायची, मग तो कोरडी न्यायचा. रुपाली रडली, भांडली, त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. "असू दे नं," तो शांतपणे म्हणायचा. "थंडी वाजते तिला."

हेही तिनं सोसलं असतं. पण एका संध्याकाळी तो एकताचे बूट हातात घेऊन दारात उभा होता.

"हिला घेऊन एकदा वर जाऊन येतो," तो म्हणाला. किती दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू होतं! "दोघी एकमेकींना भेटतील. सारख्याच वयाच्या आहेत. तिच्या बापानंच विचारलंय."

रुपालीनं बूट त्याच्या हातातून काढून घेतले. रात्रभर ती एकताच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसली. तिला नवऱ्याची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त त्याची कीव येत होती.

सकाळी तो ऑफिसला गेल्यागेल्या तिनं भंगारवाल्यांना फोन केला. कुणाला विकायची नाही, तोडायचीच, हे तीनतीनदा बजावलं. एकताला तिनं शाळेत सोडलं, मॅडमच्या ताब्यात दिलं, वर्गाच्या खिडकीतून ती बाकावर बसलेली बघितली, आणि मगच परतली.

खाली ट्रक येऊन उभा होता. तिनं किल्ली दिली तसा ड्रायव्हर गाडी चौथ्या मजल्यावरून उतरवून घेऊन आला. म्हातारा, बनियनवर टॉवेल टाकलेला, जोरजोरात बोलणारा माणूस. मदतनिसाला ओरडून ओरडून सूचना देत त्यानं गाडी ट्रकवर चढवली, पट्टे आवळले. रुपालीनं सही केली. तिला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. पण लग्न होऊन निघालेल्या मुलीच्या गाडीला हात लावावा तसा तिनं ट्रकला हात लावला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

निघण्याआधी म्हाताऱ्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. मागचं डावं दार नीट लागलं नव्हतं. ते आपटून लावायला त्यानं उघडलं, आत पाहिलं, आणि तो थबकला.

त्यानं मदतनिसाला हातानंच गप्प केलं. खांद्यावरचा टॉवेल काढून आत वाकून कशावर तरी पांघरला. मग तळवा टेकवून, जराही आवाज होऊ न देता, त्यानं हलकेच दार लोटून घेतलं.