एका मापाचे दोन विश्राम

नागपूरच्या देहमापन प्रयोगशाळेत पुतळायंत्राचं झाकण उघडलं आणि विश्राम खरवंडीकर एक पाऊल मागे सरला. आत एक पैलवान उभा होता. रुंद खांदे, ताठ पाठ, सपाट पोट. आणि हा पैलवान म्हणजे म्हणे विश्राम.

"मापं तुझीच घातलीत," डॉ. शर्वरी हुद्दार म्हणाली. ती त्याची कॉलेजातली मैत्रीण, आणि देहमापनात तिचा शब्द शेवटचा. "उंची, वजन, छाती, कंबर, सगळं."

विश्रामने स्वतःकडे पाहिलं. उतरते खांदे, पुढे आलेली मान, आणि शर्टाच्या गुंड्यांशी कायमचं वैर असलेलं पोट.

फोटोंत इतकी लबाडी माजली होती की सरकारने प्रतिमाबंदी आणली होती. लग्न जुळवताना बोलायचं ते फक्त आवाजावर आणि पाठवायची ती प्रमाणित मापं. हवं तर त्यांवरून मापपुतळा करून पाहावा. चंद्रावरच्या वसाहतीत मेथी पिकवणाऱ्या नीरजा उपासनीने तो केला होता आणि कळवलं होतं, "पुतळा फार आवडला. या." वर्षभर बोलून बोलून विश्राम तिच्यात पुरता गुंतला होता. आता ती पैलवानासाठी दार उघडणार आणि समोर हे ध्यान!

"यंत्र चुकलं कसं पण?"

"चुकलं नाही. फीत भोवती फिरते, विश्राम. आत काय आहे, कुठे आहे, ते तिला कळत नाही. कंबर बाजूंना रुंद असो की पुढे आलेली, फितीला दोन्ही सारखीच. पैलवानाची छाती पाठीच्या स्नायूंनी भरते, तुझी चरबीने. हाडांची ठेवण, उभं राहायची ढब, यातलं काहीच आकड्यांत येत नाही. तुझ्या मापांत शंभर माणसं बसतील."

"मग त्याने नेमका हाच का काढला?"

"आपण एकच मागितला म्हणून. पहिला जुळला, तो दिला."

"म्हणजे मी तिला फसवलं नाही?"

"कायद्याने नाही. बाकीचं तिला तोंडावर सांग जा."

विश्राम भीत भीत चंद्रावर उतरला. तिथे ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याची. त्याच्या पोटाला खाली खेचणारं फारसं कुणी उरलं नाही, तेव्हा ते निमूटपणे वर सरकलं. खांदे उचलले गेले, कणा सरळ झाला, पायांतलं पाणी वर चढून गालांवर बाळसं आलं. प्रवेशद्वारावरच्या अधिकाऱ्याने फीत लावली आणि म्हणाला, "केसभर इकडेतिकडे. तुम्हीच तुम्ही." विश्रामने आरशात पाहिलं, तर आत पैलवान! त्याला इतका आनंद झाला की त्याने आरशालाच नमस्कार केला.

छाती काढून त्याने नीरजाच्या दाराची घंटी वाजवली. दार उघडलं आणि तिचा चेहरा पडला.

"कोण आपण?"

"मी विश्राम."

आवाज ओळखीचा होता. म्हणून तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, हे काय करून घेतलंत?"

"पुतळा आवडला म्हणालात ना?"

"कुठला? मी बारा मागितले होते! पहिला असाच निघाला. त्याच्या खांद्यांवर मी ओली पोती वाळत घालते." तिने कपाटाकडे बोट दाखवलं. "मला आवडला तो हा."

कपाटाशेजारी उतरत्या खांद्यांचा, पुढे मान काढलेला, पोटावर दोन्ही हात ठेवलेला एक गृहस्थ उभा होता. घरच्या आरशातला विश्राम. त्याला एकाएकी स्वतःची फार माया आली.

"हा मीच आहे हो," तो कळवळून म्हणाला. "पृथ्वीवर चला. आठवड्याभरात सगळं जागच्या जागी उतरेल."

नीरजा हसली. "पण मी जन्मले इथेच. तिथे माझं काय काय उतरेल, कोण जाणे."

विश्रामने छाती सोडून दिली.

"मापं तर तुमचीही तीच राहतील ना," तो म्हणाला. "चहा टाका."