साधी गाठ

"गालावर कुणी चौकडीचं कापड इस्त्री केलंय का हो तुमच्या?"

त्यानं विचारलं, आणि ती सरळ पुढे निघून गेली. बाई भलतीच शिष्ट दिसते, असं त्याला वाटलं... हे त्यानं पुढे कधीतरी कबूल केलं. तिला मात्र त्यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. तो तिच्या डाव्या हाताला बसला होता, आणि डाव्या कानात गेलं वर्षभर एक बारीक शिट्टी वाजत होती, बाकीचं तिच्याखाली दबून जायचं.

वहिनीनं तिचा दंड धरला. "अगं, ते काहीतरी विचारताहेत तुला."

ती वळली. बाकावर तिशी ओलांडलेला एक माणूस. नखांच्या कडांना निळा रंग, उजवी पापणी किंचित उतरलेली. त्यानं प्रश्न पुन्हा विचारला, यावेळी जरा ओशाळून.

तिनं गाल चाचपला. "मुखवट्याची जाळी आहे ती. डोकं हलू नये म्हणून घट्ट बसवतात. आत गेलात की तुम्हालाही उठेल."

"वा! म्हणजे आपण दोघं एकाच ताग्यातलं कापड."

तिला हसू फुटलं. कितीतरी आठवड्यांनी. आणि लगेच अपराधी वाटलं, अशा जागी हसल्याचं.

किरणोपचाराचा विभाग तळघरात होता. खिडकी एकही नाही. बाहेर पाऊस आहे की ऊन, ते जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या छत्र्यांवरून कळायचं. तिच्या ऐकण्याच्या नसेवर बोराएवढी गाठ होती. "कॅन्सर नाही, साधी गाठ आहे," डॉक्टरांनी सांगितलं होतं. अठ्ठावीस दिवस नेम धरून त्या गाठीवरच किरण सोडायचे. गाठ जाणार नाही, वाढायची थांबेल. कान राहील का? "सांगता येत नाही," ते म्हणाले.

साधी! या एका शब्दानं तिचा रडण्याचा हक्कच काढून घेतला होता. दादा म्हणायचा, साधीच तर आहे. वहिनी म्हणायची, देवानं थोडक्यात भागवलं. आणि ती अकरा वर्षं कोर्टात लघुलेखिका. साक्षीदार पुटपुटतात, हुंदके देतात, वकील एकमेकांवर ओरडतात... त्यातला शब्द न् शब्द कानानं टिपायचा, यावरच तिचं पोट.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम उठून तिच्या उजवीकडे येऊन बसला.

"काल चुकीच्या दाराची कडी वाजवली. आज बरोबर आहे ना?"

"बरोबर. पण तुम्हाला चालेल ना इकडून?"

"मला तर हेच सोयीचं. माझा उजवा डोळा रजेवर आहे, डावीकडचंच नीट दिसतं." मग थांबून, हळूच, "आणि डावीकडे सध्या बघण्यासारखं पुष्कळ आहे."

तिनं पर्समध्ये रुमाल शोधायला सुरुवात केली. रुमाल हातातच होता.

तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याची गाठ डोळ्याच्या नसेभोवती. कापायला गेलं तर डोळाच जाणार, म्हणून किरण, तीस दिवस. आठवड्याभरात तो तिला 'स्टेनोबाई' म्हणू लागला, ती त्याला 'पेंटर'. दुसऱ्या आठवड्यात वहिनी सोबत यायची थांबली. का, ते तिनं सांगितलं नाही, नुसतीच गालात हसली. तिसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"आपली गाठ पडली ती गाठीमुळेच," तो म्हणाला.

"हा विनोद किती जणींना ऐकवलास?"

"गाठ असलेली पहिलीच भेटलीस..."

पण त्याचा एक नियम होता. आत जाण्यापूर्वी चांगला डोळा झाकून समोरच्या भिंतीवरची आग लागल्यास काय करावे ही सूचना वाचायची. चौथ्या आठवड्यात एके दिवशी तो तिसऱ्या ओळीशी अडला. दोन दिवसांनी पहिलीशी.

"सूज असेल. किरणांमुळे येते, उतरते," ती म्हणाली.

"आणि नाही उतरली तर?"

त्या दिवशी तिच्याही कानातली शिट्टी जरा मोठी झाली होती, पण ते ती बोलली नाही.

तिचे अठ्ठावीस दिवस संपले. एकोणतिसाव्या दिवशी ती पुन्हा जिना उतरून आली, तेव्हा मुखवटा बसवणाऱ्या ताईंनी चमकून विचारलं, "तुमचं तर काल संपलं ना?"

"माझं संपलं. यांचे दोन दिवस राहिलेत."

ताई हसल्या. तो हसला नाही. ताई आत जाताच म्हणाला, "उद्या येऊ नकोस."

"का?"

"तू माझी कीव करायला लागली आहेस."

"कीव? मी –"

"दोघांत मिळून एक धड माणूस, असला संसार मला नको. जा तू."

संसाराचा शब्द त्यानंच काढला होता, आणि त्यानंच मोडला. ती छत्री घ्यायला विसरली आणि भिजत घरी गेली. मग त्यानं फोन उचलणं बंद केलं. तीही मानी, तिनं चार वेळा करून सोडून दिला.

सात महिने गेले. डावा कान पार गेला. वळून वळून विचारावं लागतं म्हणून न्यायाधीशांनी तिला, अगदी गोड शब्दांत, नकला काढण्याच्या खोलीत बसवलं. तिथं बोलणारं कुणी नव्हतं. नुसते कागद. जेवायच्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून डबा खायची. मग स्कॅनचा निकाल आला : गाठ आहे तेवढीच आहे. वहिनीनं तिला मिठी मारली. तिला मात्र ही बातमी एकाच माणसाला सांगावीशी वाटली, आणि मानबिन गुंडाळून ती पुलाखाली तो पाट्या रंगवायचा त्या दुकानात जाऊन उभी राहिली.

तो पाठमोरा होता. समोर औषधाच्या दुकानाची पाटी. त्यानं ब्रश पुढे नेला... आणि ब्रश पाटीच्या बोटभर अलीकडे हवेतच फिरला. मग त्यानं करंगळी पाटीवर टेकवली, अंतर जोखलं आणि हळूहळू रेघ ओढली. एका डोळ्याला अंतर कळत नाही, हे तिला तेव्हा समजलं.

"अक्षर अजून सुंदर आहे," ती म्हणाली.

तो दचकून वळला. मग म्हणाला, "गाठ थांबली. डोळा गेला. आता शिडी चढत नाही. खालच्या पाट्या तेवढ्या करतो."

"माझीही थांबली. कान गेला."

"तीनदा आलो होतो कोर्टापर्यंत," तो ब्रश पुसत म्हणाला. "फाटकाशी उभा राहून परत गेलो. काय तोंडानं बोलणार होतो... त्या दिवशी तू नाही, मीच माझी कीव करत होतो."

"मला किती राग आला होता, माहितेय?"

"आहे अजून?"

"आहे. थोडा."

वरून एक ट्रक धडधडत गेला. त्यात तो काहीतरी म्हणाला. तिला फक्त ओठ हलताना दिसले.

"ऐकू नाही आलं. पुन्हा बोल."

तो जवळ आला, अगदी समोर. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तुझ्यावाचून करमत नाही, म्हणालो. हे असं ओरडून सांगायचं नसतं गं..."

तिचे डोळे भरून आले. ते लपवायला ती उगीच पाटीकडे पाहत राहिली. मग कोर्टातल्यासारख्या कोरड्या आवाजात म्हणाली, "तपासणीच्या तारखा आपण एकाच दिवशी मागून घेऊ. एकट्यानं त्या तळघरात बसवत नाही."

"किती वर्षं?"

"दरवर्षी जावं लागणार. जन्मभर. डॉक्टरच म्हणाले."

"डॉक्टर म्हणाले म्हणून?"

"नाही."

मग त्यानं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. "ही पाटी आज द्यायची आहे. तासभर लागेल... थांबशील?"

तिनं रंगाचे डबे बाजूला सारले, स्टूल ओढलं आणि बसली.