अकरा घरांची तार

लौगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा थोरा केकच्या वड्या पाडत होती, आणि तिची सुरी क्षणभरही थांबली नाही. सहासष्ट वर्षांनी सख्खी धाकटी बहीण उंबऱ्यात उभी… आणि थोराच्या तोंडून निघालं काय, तर, "बूट काढ. आत्ताच फरशी पुसलीय."

पंच्याऐंशी वर्षांच्या लौगानं भिंतीला धरून मुकाट्यानं बूट काढले.

थोराला आज नव्वद वर्षं पूर्ण झाली होती. दुपारी अख्खं एल्डर गाव चर्चच्या तळघरात जेवायला जमणार होतं. लौगाला गुपचूप पत्र पाठवण्याचा आगाऊपणा क्रिस्टिनचा, थोराच्या नातीचा.

"अम्मा, ओरडू नकोस हं," क्रिस्टिन हळूच म्हणाली. आइसलँडहून या माळावर येऊन वसलेल्या आम्हा लोकांच्या घरांत आजीला अम्माच म्हणतात.

"ओरडायला वेळ कुठाय मला? जा, तिकडे टेबलं मांडायचीत."

क्रिस्टिन सटकली. लौगा खुर्चीत बसली, पण कोट तिनं काढला नाही.

"मी वाढदिवसाला आले नाहीये, थोरा. एक विचारायचंय. उत्तर मिळालं तर थांबेन, नाही तर निघेन. मुलगी गाडी चालू ठेवूनच बसलीय बाहेर."

"तेल फुकट जाळू नये," थोरा म्हणाली. बैलासारखी बाई म्हणून तिला अख्खा माळ ओळखत होता. बाराव्या वर्षी तिनं ट्रॅक्टर हाकला. नवरा ब्योर्न पन्नाशीतच गेला, तेव्हा चौथ्या दिवशी ती गव्हाच्या कापणीला उभी राहिली. घराच्या उत्तरेची झाडांची रांग जगावी म्हणून तिनं तीन उन्हाळे बादलीनं पाणी घातलं. एका वर्षी गारांनी उभं पीक झोडपलं, तर डोळ्यांतून टिपूस न काढता दुसऱ्या दिवशी जनावरांसाठी तेच कापायला घेतलं. तीन पोरं, सात नातवंडं तिनं नुसत्या नजरेच्या धाकात वाढवली… पण या एका बहिणीपुढे मात्र तिचं सारं बळ सरायचं! दर नाताळला ती लौगाला पत्र लिहायची. उत्तर एकाही पत्राला आलं नाही.

सहासष्ट वर्षांपूर्वी अकरा घरं आणि गावातलं दुकान मिळून टेलिफोनची एकच तार होती. घंटा कुणाचीही वाजो, ऐकणारे सगळे. ऐकू नये असं सगळेच म्हणायचे आणि ऐकायचेही सगळेच. कोण ऐकतंय तेही कळायचं, कारण कुणाचा कुत्रा भुंकायचा, कुणाचं तान्हं रडायचं. थोराच्या घरचं घड्याळ तर शेवटचा टोला अर्धाच देऊन गप्प व्हायचं. ते तारेवरच्या प्रत्येकाला पाठ होतं.

वडील नव्हते. आईचे पाय लकव्यानं गेलेले, ती दिवसभर खुर्चीत. थोरा चोवीस वर्षांची. घरबसल्या परीक्षा देऊन तिनं शिक्षिका होण्याच्या शाळेत प्रवेश मिळवला होता, आणि प्रवेशाचं पत्र घडी करून बायबलात ठेवून दिलं होतं. लौगा सप्टेंबरात दुकानात नोकरीला गेली आणि घर ओस पडलं. थोरा गोठ्यात असली की आई एकटी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसायची… तिची ती केविलवाणी नजर थोराला बघवेना. एक दिवस तिनं भिंतीवरचा टेलिफोन उतरवला आणि खुर्चीतून हात पोचेल इतका खाली ठोकून दिला. त्या हिवाळ्यात आई पुन्हा हसू लागली. कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोराला गोवर आला, सगळं ती थोराला रात्रीच्या जेवणाला वाढायची.

आणि एका बुधवारी आईनं तारेवर ऐकलं, की लौगा आणि एमील शनिवारच्या गाडीनं पळून जाऊन लग्न करणार. एमील फ्रेंच, कॅथलिक, आमच्याहून वेगळ्या पंथाचा. दोन्हीकडून विरोध होणार हे उघड होतं, पण आईला त्याचं काय! तिला आनंद मावेना. चारचे टोले पडले आणि पुढचं काही न ऐकताच तिनं टेलिफोन ठेवूनही दिला. गुरुवारी पाद्र्यांच्या पत्नी भेटायला आल्या, तर भोळ्या माउलीनं लौगानं लग्नात डोक्यावर घ्यायच्या जाळीसाठी त्यांच्याकडे लेस मागितली. शुक्रवारी तारेवर दुसरा विषय नव्हता. एमीलच्या बापानं त्याला त्याच संध्याकाळी दूर काकाकडे रवाना केलं, आणि शनिवारी लौगा बॅग घेऊन फलाटावर उभी राहिली तेव्हा तिची फजिती बघायला सहा बायका आधीच येऊन थांबल्या होत्या.

तिथून ती तडक घरी आली. टेलिफोन कुठे आहे याकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"बुधवारी चार वाजता आपलं घड्याळ ऐकू आलं मला तारेवर," ती म्हणाली. "थोरा, तू होतीस?"

खुर्चीतल्या आईचं तोंड उघडलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता… आत्ता कुठे तिला उमगलं होतं, आपण काय करून बसलो ते! ती बोलणार, एवढ्यात थोरा म्हणाली, "हो. मीच होते. मीच सांगितलं."

लौगा गाव सोडून गेली ती गेलीच. आई रडून रडून म्हणायची, मला खरं सांगू दे गं. थोरा एकच सांगायची, "एक मुलगी गेलीच आहे. तिनं तुझा द्वेष करायला नको." तीन वर्षांनी आई गेली. बायबलातलं पत्र तिथेच पिवळं पडलं. पुढं दहा वर्षं थोरा चर्चच्या स्वयंपाकघरात शिरली की बायकांची बोलणी बंद व्हायची. "जपून गं, कान आला," कुणीतरी पुटपुटायचं. थोरा बटाटे सोलत राहायची. टेलिफोन मी खाली आणला, मग पाप कुणाचं? तिच्या लेखी हिशेब सरळ होता.

"विचार," थोरा आता म्हणाली.

"तू चुगली केलीस, त्याचा राग केव्हाच विरला. एमील तरी काय मोठा धीराचा होता? बापानं डोळे वटारले आणि गेला. पण त्या बुधवारी तारेवर मी तुझ्याबद्दल जे बोलले, ते ऐकूनसुद्धा तुला सांगवलं कसं? ते ऐकून दगडाला पाझर फुटला असता, थोरा."

थोरानं सुरी खाली ठेवली. आईला तिनं सहासष्ट वर्षं झाकलं होतं, आता उघडं पाडणार नव्हती. क्षमा मागितल्यानं बहीण मिळत असेल, तर न केलेल्या पापाचीही मागू!

"चुकलं माझं, लौगा. मला क्षमा कर."

"ते नको. मी काय म्हणाले होते, ते सांग आधी."

थोरा फडक्यानं सुरी पुसू लागली.

"सांग ना. ऐकलंस ना तू?"

"तू म्हणालीस…" थोरा सुरीच्या पात्याकडे बघत म्हणाली, "की थोराच्या जाचातून सुटले एकदाची. बरोबरच होतं ते. फार कडक वागायचे मी तुझ्याशी."

लौगा तिच्याकडे बघतच राहिली.

"इतकी वर्षं तू असं समजत होतीस?"

थोरा केकच्या वड्या ताटात रचू लागली.

"तू नव्हतीस तिथे," लौगा म्हणाली. "देवा… तू नव्हतीसच. पण मग घरात दुसरं कोण? आईचा तर हात पोचत नव्हता…"

"टेलिफोन मी खाली आणला होता," थोरा ठाम आवाजात म्हणाली. "दोष माझाच. तिनं आनंदानं सांगितलं, तुझ्यासाठी लेस मागायला म्हणून. तिला एक शब्द बोलायचा नाही, सांगून ठेवते. माझ्या घरात नाही."

लौगाच्या गालांवरून आसवं ओघळू लागली. तिनं टेबलावरून हात पुढे केला आणि बहिणीची जून झालेली, पीठ लागलेली बोटं घट्ट धरली.

"तू काय म्हणाली होतीस गं तेव्हा?" थोरानं विचारलं. नव्वद वर्षांत स्वतःसाठी तिनं कुणाकडे काही मागितलं असेल, तर ते एवढंच.

"घड्याळ ऐकलं, वाटलं तूच आहेस, म्हणून तुझ्यासाठीच मोठ्यानं बोलले. एमीलला म्हटलं, लग्नानंतर आईला आपल्याकडे न्यायचं, ही माझी अट आहे. दहा वर्षं एकटीनं केलंय थोरानं. बायबलात तिचं पत्र आहे ते मी पाहिलंय. आता तिनं शिकायला जायचं."

बाहेर गाडीचा आवाज चालूच होता. गारांच्या वर्षी न रडलेली थोरा दोन्ही तळव्यांत तोंड लपवून रडली, आणि लौगा कोट न काढताच तिच्या शेजारी येऊन बसली.

"मी गेले नसते," थोरा शेवटी नाक पुसत म्हणाली. "आईला सोडून गेलेच नसते मी."

"माहीत आहे मला," लौगा म्हणाली. "पण कुणीतरी तुला जा म्हणालं होतं, एवढं तरी तुला कळायला हवं होतं."