चढाची एकेचाळीस मिनिटं

दोन मीटर बसवायचे होते, एवढंच काम. एक टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जोराने कोंबल्या जाणाऱ्या, हवेचा दाब दाखवणारा, दुसरा इंजिनातून निघणाऱ्या धुराची उष्णता दाखवणारा. डिझेल पिकअपमध्ये हे मीटर मुळात नसतात, आणि माल भरून घाट चढायचा तर ते हवेतच, असं माझं मत. माझ्या वडिलांचं मत असं, की मीटर ही ज्यांना कान नाहीत त्यांची सोय. चाळीस वर्षं त्यांनी गॅरेज हाताने आणि नाकाने चालवलं. बॉनेटवर तळवा ठेवायचा, धूर हुंगायचा आणि निकाल द्यायचा. मी इंजिनियर होऊन त्याच गॅरेजात परतले तेव्हापासून आमचं रोज वाजायचं. "तुझ्या आईला काय मी मीटर लावून पसंत केली होती?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आई आतून म्हणायची, तेव्हा मीटर असता तर मीच आधी यांना लावून बघितला असता.

पिकअप होती गोगलगायीची. घाटापलीकडे राहणारा, फरश्या वाहणारा एक ड्रायव्हर. चढावर इतका सावकाश जायचा की बाकीचे ड्रायव्हर त्याला गोगलगाय म्हणायचे. मी दादा म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी घाटमाथ्यावर त्याची गाडी उलटी घसरत रस्त्याबाहेर गेली आणि मागच्या ओघळीत पडली. दादा जागीच गेला. ड्रायव्हरला झोप लागली असावी, असं चौकशीत लिहिलं गेलं, आणि एकदा लिहिलं गेलं की लोक ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात. त्याच्या आईने बाजारात जाणं सोडलं, असं कानावर आलं होतं. तिला कुणीतरी विचारलं होतं, घरी झोपू देत नव्हता का त्याला?

ती मोडकी गाडी बाबांनी विकत घेतली आणि सात महिने खपून एकट्याने उभी केली. मागच्या चाकांना तर मला हातही लावू दिला नाही. म्हातारा हळवा झालाय, असं समजून मी सोडून दिलं. गाडी तयार झाल्यावर मीच हट्ट धरला, की आता ती गॅरेजच्या कामाला वापरू आणि तिला मीटर लावू. बाबा नाही म्हणाले नाहीत. खरं तर मला तिथेच संशय यायला हवा होता.

दुपारची वेळ होती. समोरच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. दाबाच्या मीटरला वायर नसते, इंजिनपासून एक बारीक नळी येते, ती जोडली. उष्णतेच्या मीटरसाठी धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळाला भोक पाडावं लागतं. भोक आरपार व्हायच्या वेळी इंजिन चालू ठेव, म्हणजे बिडाचा कीस धुराबरोबर बाहेर उडेल, टर्बोत जाणार नाही, असं बाबा बाकावरून म्हणाले. ते बरोबर होतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही. ड्रिल आत गेलं, भोकातून फुस्सकन हवा आली आणि तोंडावर बसली. तिला डिझेलचा वास नव्हता. कुजलेल्या पाल्याचा होता, गार, ओलसर, घाटमाथ्यावर धुक्यात येतो तसा.

मी तोंड पुसलं आणि सेन्सर बसवला.

गाडी जागेवर उभी, गिअर काढलेला, इंजिन हळू फिरतंय. अशा वेळी दाबाचा काटा शून्यावर हवा आणि उष्णतेचा दीडशेच्या आसपास. पहिली काही मिनिटं तसंच होतं. मग दाबाचा काटा उचलला. पाच, दहा, अठरा. त्याच्या मागोमाग उष्णता तीनशे, चारशे, साडेपाचशे. टनभर माल घेऊन चढ चढणाऱ्या गाडीचे आकडे ते. इंजिनचा आवाज मात्र तसाच, संथ.

मीटर खराब, दुसरं काय? मी गाडी बंद केली, वायर तपासल्या, मीटर बदलून पाहिले. पुन्हा चालू केली. पुन्हा तेच, त्याच मिनिटाला, तसंच. शेवटी दाबाची नळी इंजिनपासून काढून हातात घेतली. काटा तरीही अठरावर. मी नळीच्या मोकळ्या तोंडावर अंगठा धरला आणि आतून अंगठ्याला कुणीतरी फुंकल्यासारखं लागलं... थांबून थांबून, दमलेल्या माणसासारखं.

मी अंगठा काढून घेतला. पळून जावंसं वाटलं, हे कबूल करते. पण मला पळून जाण्यापेक्षा आकडे लिहून घेणं सोपं वाटतं. तिसऱ्यांदा गाडी चालू केली, घड्याळ समोर ठेवलं आणि दर पंधरा सेकंदांनी दोन्ही काट्यांची नोंद केली. अडतिसाव्या मिनिटाला दाब एकदम शून्यावर आला. उष्णता सावकाश उतरत दोनशेच्या खाली गेली. आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला, इंजिन चालूच असताना, दोन्ही काटे धाडकन तळाला पडले.

त्या आकड्यांचा मी आलेख काढला आणि बाबांपुढे ठेवला. वाटलं, ढुंकूनही बघणार नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवून ते बोटाने चढायला लागले.

"हे आपलं फाटक. हा बाजार. हा पूल," ते म्हणाले. "इथून चढ. हे कोपराचं वळण... पहिल्या गिअरमध्ये घेतलंय बघ. सगळे दुसऱ्यात रेटतात. पहिल्यात एकच जण घ्यायचा."

मी शेवटच्या उतरत्या रेषेवर बोट ठेवलं. मोठा चढ चढून आलं की टर्बो लालभडक तापलेला असतो. म्हणून इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन-तीन मिनिटं गाडीला श्वास घेऊ द्यायचा. बाबा प्रत्येक ड्रायव्हरला हे सांगायचे. ऐकायचा एकटा दादा.

"झोपलेला माणूस गाडी बाजूला घेऊन इंजिन गार करत बसत नाही," मी म्हणाले. "तो जागा होता, बाबा. तो थांबला होता."

जिंकल्याचा आनंद झाला मला. लाज वाटते, पण झाला. मग मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि थांबलेली गाडी उलटी घसरली कशी, हे विचारायच्या आधीच मला उत्तर दिसलं.

"हँडब्रेकची केबल मी बदलली होती," ते म्हणाले. "त्याच दिवशी सकाळी. ताण धरणारा नट हाताने बसवला. वरून पाना मारून आवळायचा राहिला."

मी आलेखावरचं बोट उचललं.

"तो फाटकाबाहेर पडला आणि मला पाना बाकावर दिसला. म्हटलं, मारला असेल आपण... आठवत नसेल. वर पोचायला त्याला पाऊण तास लागायचा. फोन करायला वेळ होता, पोरी. पुष्कळ वेळ होता."

ती सकाळ मला आठवली. गाडीतला बिघाड दाखवणारा नवा स्कॅनर घ्यायचा म्हणून मी भांडत होते. बाबा गाडीखाली आडवे, आणि मी त्यांच्या पायांशी भांडत होते. ते बाहेर आले, मला चार शब्द सुनावले, हात पुसले. पुन्हा खाली गेले की नाही, ते मलाही आठवेना.

"मी मध्ये आले नसते तर..."

"तोंड तुझं होतं," बाबा म्हणाले. "हात माझा."

एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं. आठ महिने! तिकडे एक बाई तोंड लपवून जगते आणि इथे हे गाडी घासूनपुसून प्रायश्चित्त घेतात. पण त्यांचा तो हात कागदावर नुसता पडून होता, कुणी विसरून गेल्यासारखा. मी एवढंच म्हणाले, की आत्ताच्या आत्ता जायचं, याच गाडीतून, आणि सगळं सांगायचं. त्यांनी किल्ली घेतली.

गाडी बाबांनी चालवली. मागे काहीही भरलेलं नव्हतं, आणि तरी काटे भरल्या गाडीचे आकडे दाखवत होते. मांडीवरच्या आलेखात जे होतं तेच, तिथल्या तिथे. कोपराच्या वळणावर बाबांनी पहिला गिअर टाकला. वर धुकं होतं. माथ्यावरच्या मोकळ्या जागेत ते थांबले. हँडब्रेकला त्यांनी हात लावला नाही, पाय ब्रेकवर दाबून ठेवला.

उष्णता उतरत गेली. मी घड्याळाकडे पाहणार नव्हते, तरी पाहिलं. एकेचाळीस. दोन्ही काटे तळाला पडले, आणि काच बंद असूनही गाडीत कुजलेल्या पाल्याचा वास भरला. मागे, रस्त्याखाली, काहीतरी सावकाश घरंगळत गेल्याचा आवाज आला... खूप वेळ.

"चला," मी कुजबुजले. बाबांनी गिअर टाकला. पुढे सगळा उतार काटे मेल्यासारखे पडून होते.

दादाची आई, जिला मी मावशी म्हणते, अंगणात उशीचा उसवलेला अभ्रा शिवत होती. गाडी ओळखून उठली. बाबांनी इंजिन बंद केलं, चाकामागे दगड लावला, आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. नट, पाना, न केलेला फोन. काही गाळलं नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. मी मीटरचं सांगितलं, आलेख दाखवला. मला वाटलं, ओरडेल, हाकलून देईल. ती आलेखाकडे बघत राहिली.

"म्हणजे झोपला नव्हता."

"नाही, वहिनी. थांबला होता. मीच शिकवलं होतं तसं."

तिने सुई अभ्र्यात खोचली. "आठ महिने मी त्याच्याशी बोलले नाही, भावजी. झोपलासच कसा, म्हणून. मेलेल्या पोराशी अबोला धरला मी." बाबांनी मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, "तुमच्यावर काय रागवायचं, ते मग बघू. आधी मला गाडीत बसायचंय."

मी तिला आधार देऊन ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसवलं. ड्रायव्हरच्या जागेवर मी चढायला लागले तर म्हणाली, ती जागा मोकळी ठेव. मग मी बाहेरूनच, खिडकीतून हात घालून, किल्ली फिरवली. बाबा मागे दगडाजवळ उभे होते. सूर्य बुडायला आला होता.

या वेळी काटे सुरुवातीपासून चालले नाहीत. दाब जरासा हलला, एकदाच, गाडी जागची निघताना हलतो तसा. मग शून्य. उष्णता शंभरावर, खाली, आणखी खाली. उतारावर, पाय काढून सोडलेल्या गाडीची. एकेचाळीस मिनिटांनंतरचा हा भाग कधीच आला नव्हता. त्या दिवशी दादा या रस्त्यापर्यंत पोचलाच नव्हता.

मावशीने डोळे मिटले.

"उतार संपला," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. काटा थोडा वर आला. "वखार... शाळेचं वळण... इथे खड्डा आहे, हळू..." प्रत्येक शब्दानंतर काटा हलत होता, आधी नाही. मग ती बोलायची थांबली. दाब शून्यावर, उष्णता दीडशेवर येऊन स्थिरावली. दोन मिनिटं गाडी श्वास घेत उभी राहिली.

मग रिकाम्या जागेशेजारचा हँडब्रेकचा दांडा उचलला गेला. कट... कट... कट... कट... दात मोजून, सावकाश, शेवटपर्यंत. इंजिन आपोआप बंद पडलं. ड्रायव्हरच्या बाजूला गाडी किंचित वर आली, कुणी उतरल्यावर येते तशी. मी त्याच बाजूला उभी होते. माझ्या दंडाला गार हवा चाटून गेली.

"ये," मावशी म्हणाली, आणि आपल्या बाजूने उतरून, मागे न बघता, दार उघडं ठेवून घरात गेली. आतून तिचा आवाज येत होता. बोलत होती, भरभर, आठ महिन्यांचं साठलेलं. मध्येमध्ये थांबत होती, उत्तर ऐकायला थांबतात तशी.

आम्ही गाडी तिथेच ठेवून रात्रीच्या बसने परतलो.

चार दिवसांनी गाडी आणायला गेलो तर हँडब्रेक खाली येईना. दोघांनी जोर लावला, मग चाकामागचा दगड काढला आणि शेजारची चार माणसं बोलावून ढकललं. गाडी बोटभर हलली नाही. दांडा अडकला असेल म्हणून बाबांनी खाली जाऊन केबल कापली. चाकं तशीच. शेवटी मी मागची दोन्ही चाकं काढून ब्रेकचे ड्रम उघडले. आतले, ड्रमला दाबून चाक अडवणारे लायनर मोकळे होते. कशालाच टेकलेले नव्हते.

ड्रम पुन्हा बसवले आणि हाताने फिरवून पाहिले. तेव्हाही फिरले नाहीत. अजूनही फिरत नाहीत.