दीपेशची उडी

आमची ओळख झाली ती माझ्या ओढणीत त्याचा गळ अडकला म्हणून.

"हलू नका... फाटंल," तो म्हणाला. इतक्या हलक्या हाताने त्याने तो काटा सोडवला, की मी उगाचच श्वास रोखून उभी राहिले.

शनिवारची दुपार होती. मी आणि माझी मैत्रीण हेतल, खांदा कॉलनीतून डोंगराखालच्या छोट्या तळ्यांवर कॅम्पिंगला आलो होतो. तंबू त्याचे, म्हणजे दीपेशचे. पाहुण्यांना काठावरून मासे धरायला शिकवायचं, हे त्याचं काम.

संध्याकाळपर्यंत मला एकही मासा लागला नाही.

"मासं तुमाला घाबरतात," तो म्हणाला.

"आणि तू?"

"मी... मी काय मासा नाय." आणि त्याने घाईघाईने नजर पाण्याकडे वळवली.

रविवारी पहाटे हेतल झोपलेली असतानाच मी तळ्यावर गेले. दीपेश तंबूपाशी पाठमोरा बसून चहा करत होता. मी गळ टाकला आणि असा हिसका बसला, की रॉड हातातून सुटून पाण्यात गेला. मोठी मरळ असणार. कॉलेजभर पोहण्याच्या स्पर्धा जिंकलेली मी... सरळ सूर मारला. रॉड तळाशी वेलींत अडकला होता. सोडवायला वेळ लागला.

वर आले, तर तंबूपाशी कुणीच नाही. चहा उतू जात होता. आणि काठापासून थोड्या अंतरावर एक हात वर आला – आणि बुडाला.

क्षणभर मला कळेचना. मग ओळखलं, तो दीपेशचा हात होता. रॉड सोडून दिला, त्याला गाठलं, शर्टाला धरून काठावर ओढलं. तो खोकत राहिला, मी त्याची पाठ चोळत राहिले.

"तुला पोहता येत नाही?"

"नाय. मोठा भाऊ ह्याच तल्यात गेला. तवापासून आईनं मला घोट्याच्या वर पाण्यात उतरू दिला नाय."

"मग उडी का मारलीस?"

"आवाज आला... बघतो तर तुमी नाय."

"अरे, कालच तर भेटलोय आपण..."

"हां," तो माझ्याकडे बघत राहिला. "मला पन तेच कलत नाय."



तेव्हापासून दर रविवारी मी त्याला पोहायला शिकवते. त्याची आई पदर तोंडाशी धरून काठावर उभी असते. माझ्याशी ती कधी एक अक्षर बोलली नव्हती. सातव्या रविवारी तो माझ्या तळहातांवर उताणा पडला होता, डोळे घट्ट मिटून. वाटेने जाणाऱ्या एका बाईने त्याच्या आईला विचारलं, "हौसा, ही पोर कोनाची गो?"

"माजी सून हाय," आई शांतपणे म्हणाली.

मला कुणी विचारलंही नव्हतं. धक्क्याने माझे दोन्ही हात खाली गेले...

आणि दीपेश तरंगत राहिला.